सोमवारी अजिंठा

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, हे सहलीच्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात पाठ होते. जळगावच्या ज्या कंपनीत मी टूर मॅनेजर होतो, तिच्या पत्रकावर मात्र सोमवारी अजिंठा, मुक्काम छत्रपती संभाजीनगरला आणि मंगळवारी वेरूळ, असा कार्यक्रम छापला गेला; म्हणजे सहल दोन दिवसांची आणि दोन्ही दिवशी कुलूप. अमळनेरच्या ३८ ज्येष्ठ नागरिकांनी त्यावर पैसे भरले होते.

चूक सुधारायला एक रुपयाही लागणार नव्हता. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून आधी वेरूळ गाठायचे, हॉटेल तेच ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी अजिंठा पाहून पहूर-जळगावमार्गे परतायचे. नुसता क्रम उलटा करायचा होता. सहलीच्या आठ दिवस आधी मी हे व्यवस्थापकांना लेखी दिले. "पत्रकं वाटून झाली आहेत, आता पार्टीला शंका येईल असं काही बोलू नका," एवढेच उत्तर मिळाले. बुकिंग आणणाऱ्याला कमिशन आणि चूक दाखवणाऱ्याला बोलणी, अशी तिथली रीतच होती.

सोमवारी पहाटे चालकाच्या ट्रिपशीटवर जुनाच मार्ग होता आणि व्यवस्थापकांचा फोन बंद होता. गाडी चाळीसगावकडे वळवणे माझ्या हातात होते. मी ती वळवली नाही. आपण लेखी कळवले आहे, आता होईल ते त्यांच्या माथी, असा हिशेब मी मनाशी केला असावा.

फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी वाहने थांबतात आणि पुढचे सुमारे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. त्या दिवशी तिथे ना बस होती, ना रांग. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एका आजींनी शांतपणे विचारले, "भाऊ, तुले हाई माहीत नव्हतं का?" मी "नाही" म्हणालो.

त्यानंतरचे काम मी चोख केले, हे सांगायला मला संकोच नाही. डबे सिल्लोडला उघडले, दुपारी वेरूळ गाठले, आणि प्रवेशद्वारासमोरच असलेले १६ क्रमांकाचे कैलास लेणे आधी दाखवले, म्हणजे ज्यांना चालवत नव्हते त्यांचेही मुख्य ते पाहून झाले. मंगळवारी पुन्हा अजिंठा गाठले. चौघांसाठी डोली ठरवून दिली.

जादा डिझेलचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. बिलाखाली शेरा होता, 'टूर मॅनेजरने परवानगीविना मार्ग बदलला.' त्या शेऱ्याला मी माझ्या पत्राची प्रत जोडून सविस्तर उत्तर दिले. आजींना मात्र, अमळनेरला उतरवून त्यांची पिशवी हातात देतानाही, मी काही सांगितले नाही.