घरखर्चाचे योग्य प्रमाण किती? तुम्ही विचारलेत म्हणून

घरखर्चाच्या नोंदी तपासणे आणि त्या कशा ठेवाव्यात हे लोकांना दाखवणे या कामात माझा बराच वेळ जातो, त्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो: उत्पन्नातला किती भाग खाण्यावर, किती घरावर आणि किती प्रवासावर खर्च व्हावा? विचारणाऱ्याला टक्केवारी हवी असते आणि ती मी सहसा देत नाही. त्यामागची कारणे दोन वाक्यांत सांगून भागत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

खर्चाची वाटणी शिस्तीपेक्षा उत्पन्नावर अधिक अवलंबून असते. बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च 1855 मध्ये प्रसिद्ध झाले होते. सॅक्सनी या जर्मन राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये त्यांचा अभ्यास मांडला. त्या नोंदींत कुटुंबांचे तीन गट होते: सार्वजनिक मदतीवर जगणारी, मदतीवाचून कसेबसे भागवणारी आणि बऱ्यापैकी सुस्थितीतली. अन्नावरचा खर्च पहिल्या गटात एकूण खर्चाच्या सुमारे 71 टक्के, दुसऱ्यात 67 आणि तिसऱ्यात 62 टक्के होता. सुस्थितीतले लोक कमी खात नव्हते. अन्नावरची त्यांची रक्कम उलट मोठीच होती, पण उत्पन्न वाढले तरी भूक त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून अन्नाचा वाटा घटत जातो. एंगेल यांचा हा नियम देशोदेशी पुन्हा पुन्हा पडताळला गेला आहे. त्यामुळे निम्मा पैसा खाण्यावर जातो म्हणून स्वतःला दोष देणारे कोणी भेटले की मला मनापासून वाईट वाटते. त्यांच्या हिशेबातून त्यांची मिळकत दिसते, उधळपट्टी नव्हे.

भाड्याबाबत असेच निरीक्षण बर्लिनच्या सांख्यिकी कार्यालयातील हेर्मान श्वाबे यांनी 1868 मध्ये नोंदवले होते. उत्पन्न जितके कमी, तितका भाड्याचा वाटा मोठा. फरक इतकाच की हात आखडला तर खाण्यात या आठवड्यापासून काटकसर करता येते, भाड्यात करता येत नाही. त्यामुळे टंचाई आली की पहिली कात्री ताटाला लागते. केवळ टक्केवारी पाहणाऱ्याला मात्र अन्नाचा वाटा कमी झालेला दिसतो आणि ती सुधारणा वाटते.

गरजांसाठी 50, हौसेसाठी 30 आणि बचतीसाठी 20 टक्के हा नियम अनेकांना पाठ असतो. मध्यम उत्पन्नाच्या घराला सुरुवात म्हणून तो ठीक आहे. अल्प उत्पन्नाच्या घरात मात्र नुसत्या गरजाच निम्म्याच्या कितीतरी पुढे जातात आणि भरपूर उत्पन्नाच्या घरात त्या निम्म्यापर्यंत पोहोचतही नाहीत. तोच नियम एकाला अपराधी ठरवतो आणि दुसऱ्याला फुकटची शाबासकी देतो.

सरकारी सर्वेक्षणातले सरासरी आकडे शेजारी ठेवून स्वतःची टक्केवारी पडताळणारेही पुष्कळ असतात. तेथे एक साधी गोष्ट निसटते: सर्वेक्षणातला वाटा बहुधा एकूण खर्चाचा असतो आणि आपण घरी काढतो तो उत्पन्नाचा. शिवाय खर्चाच्या वर्गवारीला स्वतःचे नियम असतात. संयुक्त राष्ट्रांच्या 1999 च्या वर्गवारीत कुटुंबाच्या उपभोगाचे 12 विभाग होते; 2018 च्या आवृत्तीत विमा आणि वित्तीय सेवांचा विभाग वेगळा झाला आणि ते 13 झाले. आयकर, बचत आणि कर्जाच्या मुद्दलाची परतफेड यांना त्यांत जागाच नाही, कारण तो उपभोग नव्हे. घरकर्जाचे हप्ते फेडणारे जोडपे आपला ‘घराचा खर्च’ सरासरीशी ताडून पाहते तेव्हा ते दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घालत असते.

वहीतही असाच घोळ होतो. एकाच पावतीवर खाण्याच्या जिनसांबरोबर साबण, वही, दिवा आणि डोकेदुखीची गोळी असते. वहीत सगळे मिळून ‘किराणा’ म्हणून उतरते आणि अन्नाचा आकडा फुगतो. दुसरीकडे कामाच्या दिवशी बाहेर घेतलेले जेवण ‘किरकोळ’मध्ये जाते आणि अन्नाचा आकडा तेवढाच दबतो. म्हणून ‘किरकोळ’ हे सदर पहिल्या दोन-तीन सदरांत आले, की मी बाकी काही न बघता आधी तेच फोडून बघायला सांगते.

माझ्या मते घरखर्च समजून घेण्यातली सर्वांत मोठी अडचण महिना हीच आहे. पगार महिन्याने येतो म्हणून हिशेबही महिन्याचा होतो. पण विम्याचा हप्ता, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती, चष्मा, बिघडलेले यंत्र हे खर्च महिन्याचे वेळापत्रक पाळत नाहीत. दर वेळी ‘या महिन्यात जरा अडचण आली’ असे म्हटले जाते आणि वर्षभर कुठली ना कुठली अडचण येतच राहते. सर्वेक्षण करणारे हे ओळखून असतात. रोजच्या वापराच्या वस्तूंसाठी ते बहुधा गेल्या 7 दिवसांचा, काही गोष्टींसाठी 30 दिवसांचा आणि कपडे, फर्निचर, शिक्षण यांसारख्यांसाठी 365 दिवसांचा खर्च विचारतात. तरीही स्मरण दगा देते. जुनी मोठी खरेदी अलीकडची वाटते, दारू-तंबाखूचा खर्च कमी सांगितला जातो. म्हणून वर्षातून क्वचित होणाऱ्या खर्चांची वेगळी यादी करावी, त्यांची बेरीज 12 ने भागावी आणि ती रक्कम दरमहा भाड्यासारखीच ठरलेली मानून बाजूला काढावी. एवढे केल्यावर ‘अचानक’ आलेल्या खर्चांपैकी बरेचसे अचानक उरत नाहीत.

टक्केवारीऐवजी मी एक वेगळा आकडा काढायला सांगते. पुढच्या महिन्यात एक पैसाही घरात आला नाही, तरी कोणकोणत्या रकमा जाणारच आहेत? भाडे, हप्ते, फी, विमा, वीज, औषधे. हा बांधलेला खर्च उत्पन्नाच्या किती जवळ आला आहे, यावरून घराला धक्का सोसण्याची किती ताकद आहे ते कळते. दोन घरांचा प्रवासखर्च सारखाच असेल, पण एका घरात तो वाहनकर्जाचा हप्ता आणि दुसऱ्यात रोज काढायचे तिकीट असेल, तर दुसऱ्या घराला हालचालीला कितीतरी अधिक वाव असतो. वर्गवारीच्या तक्त्यात ही दोन्ही घरे एकाच ओळीत बसतात.

इतक्यानंतरही कोणाला दुसऱ्या घराशी तुलना करायचीच असेल, तर निदान माणसे मोजून करावी. नुसते डोईमागे भागल्याने चालत नाही, कारण चौघांना चार स्वयंपाकघरे लागत नाहीत. यासाठी ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची सुधारित मापनपट्टी सोयीची आहे: पहिल्या प्रौढ व्यक्तीला 1, 14 वर्षे किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक पुढच्या व्यक्तीला 0.5 आणि त्याहून लहान मुलाला 0.3. आईवडील आणि दोन लहान मुले यांचे घर 2.1 भरते. आपला वर्षाचा खर्च या संख्येने भागावा, समोरच्या घराचा त्यांच्या संख्येने भागावा आणि मग दोन आकडे शेजारी ठेवावेत.