सलाईन काढताना

संसर्ग नियंत्रणाचं काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. पहिल्या आठवड्यात मी नुसत्या वॉर्डातल्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघितल्या. पिवळीत बिस्किटाचे पुडे, चहाचे कप, ग्लोव्हज. पिवळी जाते भट्टीत, आणि पीव्हीसी प्लॅस्टिक जळलं की धुरात विषारी डायॉक्सिन. ग्लोव्हज आणि नळ्या लाल पिशवीत हव्यात, त्यांचं निर्जंतुकीकरण होऊन प्लॅस्टिक पुन्हा वापरात येतं. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांचा तक्ता भिंतीवर होता की! कॅलेंडरच्या मागे.

पिशव्यांची शिस्त मावशींनी लावली. तरी लाल पिशवी फुगलेलीच. त्यात निम्म्या बाटल्या मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या.

हे औषध गोळीतून घेतलं तरी जवळपास सगळंच्या सगळं रक्तात पोचतं. ताप उतरलाय, पेशंट जेवतोय, उलटी नाही, तर गोळी पुरते. आमच्याकडे मात्र दर आठ तासांनी १०० मिलीची बाटली. पाच दिवसांत १५. शिवाय हातातली कॅन्युला, म्हणजे शिरेतली नळी, तशीच राहते, शीर सुजते, कधी तिथूनच जंतू रक्तात शिरतात.

ठरवलं, ४८ तासांनी राउंडवर सिस्टरनेच विचारायचं, ‘‘सर, आता गोळी चालेल?’’ मेंदूज्वर, हृदयाच्या झडपेचा संसर्ग असले पेशंट यातून वगळले. तिथे औषध शिरेतूनच. एक ज्येष्ठ सर्जन भडकले. ‘‘कचरा वाचवायला माझे पेशंट वापरू नका.’’ तेव्हापासून मी कचऱ्याचं नावच काढलं नाही. सुजलेल्या शिरा दाखवत राहिलो. ते त्यांना पटलं.

नातेवाइकांचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच नियमात नव्हतं. अपेंडिक्स फुटून आलेल्या एका आजींची बाटली बंद केली, तर मुलगा बाहेर गाठून हळूच म्हणाला, ‘‘डॉक्टर, पैसे भरायचे राहिलेत का?’’ त्याला आत नेलं, आजींच्या हातावरची चिकटपट्टी सोडवली. शिरेवर लालभडक रेघ, हात लावला तर गरम. मुलगा गप्प झाला.

आजींनी गोळी घेतली, पण नाराजीनेच. संध्याकाळी सिस्टरला म्हणाल्या, ‘‘तो लोखंडी दांडा तरी राहू दे गं. भेटायला येणाऱ्यांना वाटेल, माझ्याकडे कुणी बघतच नाही.’’

स्टँड डिस्चार्जपर्यंत खाटेशी उभा होता. रिकामा.