सोलापूरहून लॅमिंग्टन रोड: कोडिंग आणि गेमिंगच्या पीसीसाठी पार्ट आणायला गेलो त्याचा वृत्तांत

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेला आणि घरात पीसीचा विषय निघाला. त्याला कोडिंग करायचंय, मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करायचाय आणि रात्री मित्रांबरोबर गेम पण खेळायचाय, सगळं एकाच मशीनवर. ताईचं म्हणणं गेमिंग लॅपटॉपच घेऊन टाका. पण सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, दुपारी कूलर लावून सुद्धा खोली तापलेली असते, अशात लॅपटॉपच्या एवढ्याशा बॉडीतून गरम हवा काढायची म्हणजे फॅन सतत ओरडणार आणि स्पीड पडणार. कॉलेजला न्यायला त्याच्याकडे जुना लॅपटॉप आहेच, त्यामुळे घरी डेस्कटॉप हे मी पक्कं केलं. आणि माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या माणसाने ग्राफिक्स कार्डाच्या आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा सप्लाय), कॅबिनेटची हवा आणि यूपीएस या तीन गोष्टींचं बजेट बाजूला काढावं, मग राहिलेल्या पैशात बाकीचं बसवावं. बहुतेक जण उलटं करतात.

सोलापूरच्या नवी पेठेत आधी चौकशी केली होती. दुकानदार चांगले आहेत, ओळखीचे आहेत, पण ठरावीक मॉडेलच स्टॉकला असतात आणि बाकीचं "मागवून देतो" वर येतं. ऑनलाइनला भाव कळतो पण कीबोर्ड हाताखाली कसा लागतो ते कळत नाही. म्हणून मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटर पार्टच्या दुकानांचा रस्ता.

सिद्धेश्वर एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, रात्री निघते आणि सकाळी मुंबईत सोडते. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरलाच उतरा आणि वेस्टर्नची स्लो लोकल पकडून ग्रँट रोड, तिथून चालत पाच-दहा मिनिटं. कागदावर या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. रविवारी बहुतेक मार्केट बंद असतं. दुकानं साडेदहा-अकराशिवाय उघडत नाहीत, तोवर स्टेशनजवळ चहा-नाश्ता करून घ्या.

वंदे भारतने पण जाता येतं पण ती सकाळी सोलापूरहून निघून दुपारी मुंबईत पोचते आणि संध्याकाळी चारनंतर तीच परत फिरते, म्हणजे त्याच दिवशी खरेदी करून यायला तिचा उपयोग नाही.

आता महत्त्वाचं. पहिल्या दुकानात काही घेऊ नका. लिस्ट लिहून न्या, पूर्ण मॉडेल नंबरसकट, आणि तीन-चार दुकानांतून कोटेशन कागदावर घ्या. नुसतं "१६ जीबी रॅम, ६५० वॉट सप्लाय" एवढंच लिहिलं तर प्रत्येक जण आपल्याकडचं जे पडून आहे ते त्यात बसवतो. एका दुकानात आमची सगळी लिस्ट ठीक भावात लावली पण एसएमपीएस मात्र नाव न ऐकलेल्या कंपनीचा, वर "वॉट तेवढेच आहेत ना" असं उत्तर. तिथून उठलो. वॉट सारखे असले म्हणून क्वालिटी सारखी नसते, आतले कपॅसिटर आणि प्रोटेक्शन सर्किट यातच सगळा फरक, आणि आपल्याकडे लाइट जाऊन येताना जो झटका बसतो तो पहिल्यांदा एसएमपीएसच झेलतो. आम्ही ६५० वॉटचा ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग) घेतला. भाव मी मुद्दाम लिहीत नाही, रॅम आणि कार्डाचे भाव इतक्या लवकर हलतात की वाचणाऱ्याची दिशाभूल होईल.

प्रोसेसर रायझन ५ ७६००. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉटचा. यात साधं ग्राफिक्स आत असतं, त्यामुळे उद्या कार्ड रिपेअरला गेलं तरी मशीन चालू राहतं आणि मुलाचं कोडिंग थांबत नाही. त्याचा स्वस्तातला भाऊ ७५००एफ, इंटेलमध्ये पण नावाच्या शेवटी एफ असलेले सगळे, यांत हे ग्राफिक्स नसतं. थोडे पैसे वाचतात पण सर्व्हिस सेंटर पुण्या-मुंबईला असलेल्या गावात राहणाऱ्याने ते वाचवू नयेत असं मला वाटतं. एएम५ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर हा प्रोसेसर बसतो ती जागा, २०२२ मध्ये आलं आणि एएमडीने २०२७ आणि पुढेही ते चालू ठेवायचं जाहीर केलंय, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलून काम भागू शकेल. रायझन ९००० सिरीजचा घेणार असाल तर बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे का ते दुकानातच विचारा. अजून एक, एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डावर आहेत, १७१८ बारीक पिना. दुकानदाराला सॉकेटचं कव्हर उघडायला लावून मोबाइलचा टॉर्च मारून बघा, एक जरी वाकडी असली तरी बोर्ड बदलून घ्या, कारण घरी आल्यावर वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत.

रॅमवर भाचा म्हणाला, "मामा, १६ पुरेल, गेमला एवढीच लागते." गेमला पुरेल रे, पण अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर, ब्राउझरचे वीस टॅब आणि डॉकर एकदम चालू केलं की १६ तिथेच संपते, विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल तर काही सेटिंग न करता निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. ३२ घेतली, १६ च्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००. एकच ३२ ची पट्टी घेऊ नका, दोन असल्या की ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्हींतून डेटा एकदम जातो, आणि गेममध्ये फरक दिसतो. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

एसएसडी १ टीबी एनव्हीएमई जेन ४ (थेट बोर्डावर बसणारी वेगवान), यावर फार डोकं खर्च करू नका, चांगल्या कंपनीची पाच वर्षं वॉरंटीवाली घ्या. बॉक्सवर सेकंदाला ७००० एमबी स्पीड लिहिलेली आणि ५००० लिहिलेली यात कोड कंपाइल करताना काही जाणवत नाही.

ग्राफिक्स कार्डला सगळ्यात जास्त वेळ गेला. एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय हे एकाच नावाचं कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारात येतं, बॉक्स जवळजवळ सारखा. कोटेशनमध्ये सगळ्यात स्वस्त दिसणारं नेहमी ८ वालं निघतं, म्हणून जीबी लिहून घ्या. निव्वळ १०८० पी (फुल एचडी) रिझोल्युशनवर गेम खेळायचे असतील तर ८ मध्ये पण भागतं. पण मशीन लर्निंगमध्ये मॉडेल कार्डाच्या मेमरीत बसलं तर ठीक, नाही बसलं तर एरर येऊन काम तिथेच थांबतं किंवा अगदी रांगत चालतं, त्यामुळे ज्यांना ते शिकायचंय त्यांनी १६ च घ्यावं. एएमडीची कार्डं गेमिंगला पैशाच्या मानाने छान आहेत, पण कॉलेजचा बराचसा कोड कुडावर (कार्डाकडून गणितं करून घेणारं सॉफ्टवेअर) चालणारा असतो आणि कुडा फक्त एनव्हीडियावर, एनव्हीडिया घ्यायचं हे एकच कारण होतं. फक्त गेम आणि वेब डेव्हलपमेंट करणाऱ्याने एएमडी जरूर बघावं.

कीबोर्डसाठी मात्र लॅमिंग्टन रोडची फेरी वसूल झाली. भाच्याला मनातून एक छोटा ६० टक्केवाला आवडला होता, दिसायला देखणा, पण त्यात बाणाच्या वेगळ्या कीज नाहीत, होम-एंड नाहीत, आणि कोड लिहिणाऱ्याचा हात दिवसभर त्याच कीजवर असतो. तिथे दहा-पंधरा मिनिटं टाइप करून बघितल्यावर त्याचं त्यालाच पटलं. नंबरपॅड नसलेला टीकेएल घेतला, माऊसला जागा राहते. कीच्या खालच्या स्विचमध्ये ब्लू दाबून बघाच पण टकटक आवाज फार, रात्री शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असेल तर नको. रेड एकदम मऊ जातात, गेमला छान. ब्राउनला मध्ये हलकासा अडथळा लागतो, टायपिंगला बरा वाटतो, आम्ही तो घेतला आणि हॉट-स्वॅप असलेला घेतला म्हणजे एखादा स्विच गेला तर सोल्डरिंगशिवाय घरीच बदलता येतो. माऊस हातात धरून घ्या, बॉक्सवरचे २५,००० डीपीआय (माऊसची सेन्सिटिव्हिटी) वगैरे आकडे सोडून द्या, खेळणारी बरीच पोरं ८०० च्या आसपासच ठेवतात.

बिल जीएसटीचं, स्वतःच्या नावाने, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहिलेलं. बिलाशिवाय थोडं कमी करतो म्हणणारे भेटतात, घेऊ नका, तीन वर्षांच्या कार्डाच्या वॉरंटीला तोच कागद लागतो. प्रोसेसर पण सीलबंद बॉक्समधलाच, ट्रेवाला (बॉक्सशिवाय सुटा) नको.

मुंबईहून काय आणायचं नाही ते पण सांगतो. मॉनिटर आणि काचेचं कॅबिनेट. रेल्वेत २७ इंचाचा बॉक्स उभा ठेवायला जागा मिळत नाही, आडवा ठेवला की कोणीतरी त्यावर बॅग टाकतं. या दोन्ही वस्तू आणि जड यूपीएस सोलापुरातच घेतले. बाकीचे बॉक्स मोठ्या बॅगेत आपली सोलापुरी चादर चारी बाजूंनी दाबून भरले, बॅग सीटखाली साखळीने बांधली आणि रात्रीच्याच सिद्धेश्वरने परत. कार्ड आणि बोर्ड त्यांच्या अँटिस्टॅटिक पिशवीतून घरी येईपर्यंत काढू नका.

मॉनिटर २७ इंच १४४० पी, आयपीएस पॅनेलचा, १८० हर्ट्झ (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा). २७ इंचात १०८० पी घेतला तर अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात आणि कोड वाचताना डोळ्याला त्रास होतो. १०८० पीच परवडत असेल तर २४ इंच घ्या, अजिबात वाईट नाही. दुकानात पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण स्क्रीन रंग लावून डेड पिक्सेल बघून घ्या.

कॅबिनेट पुढून जाळीचंच. पुढे काच असलेली दिसायला भारी असतात पण पीसीतला कोणताही साधा कूलर पार्टला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, खोलीच ३८ असेल तर सुरुवातच तिथून होते, मग निदान हवा तरी मोकळी यायला पाहिजे. ७६०० बरोबर कूलर फुकट येतो आणि तो चालतो, पण आपल्या उन्हाळ्यासाठी साधा टॉवर कूलर वेगळा लावला. वॉटर कूलिंगची या प्रोसेसरला गरज नाही.

यूपीएसमध्ये ६०० व्हीएचा साधा घेऊ नका, तो साधारण ३६० वॉटच देतो आणि गेम चालू असताना प्रोसेसर, कार्ड, मॉनिटर मिळून तिथपर्यंत पोचतात, म्हणजे लाइट गेल्याक्षणी यूपीएस पण बसणार. १००० व्हीए घेतला आणि प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा), कारण चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर काही सप्लाय बंद पडतात. त्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. जुन्या वाड्यातल्या घरात राहता तर हे सगळ्यात पहिलं करा.

जोडताना घाबरवणारी एक गोष्ट. एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू केला की रॅम ट्रेनिंग होतं (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो), स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. भाचा लगेच बटण दाबायला निघाला होता, मी हात धरला. बंद करू नका, चहा करून या. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम पूर्ण स्पीडवर चालवायचं सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच पळत राहते. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १८० हर्ट्झ निवडा, आपोआप बऱ्याचदा ६० च राहतं.

भर दुपारी गेम लावून बघितला, कार्ड ७५ ते ७८ डिग्रीच्या वर गेलं नाही, आणि या उन्हाळ्यात ते चांगलंच आहे. आमच्या भागात पॉवरलूम आहेत, कापसाचे बारीक तंतू हवेत असतात आणि ते पुढच्या जाळीवर चक्क गादीसारखे बसतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून ब्रशने झाडायचं काम भाच्याकडे दिलंय. ब्लोअर मारणार असाल तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर उलटं जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.