ब्राँक्सची मॅच आणि बाबांची जमा-नावे

बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि दोन महिन्यांतच त्यांचं बघायचं सगळं संपलं. नायगारा झाला, लिबर्टीची बाई झाली, वॉशिंग्टन झालं, एडिसनमधली सगळी देवळं तर दोनदोनदा झाली. मग रोज सकाळी चहा घेताना एकच प्रश्न, "आज काय?" शेवटी म्हटलं चला, माझ्या देवळात नेते तुम्हाला. २८ सप्टेंबर २०२५, रविवार, न्यूयॉर्क यँकीज या माझ्या बेसबॉल टीमची नेहमीच्या सीझनमधली शेवटची मॅच, समोर बाल्टिमोर ओरिओल्स. नवऱ्याला बेसबॉलमध्ये काडीचा रस नाही, त्याने खुशीने घर सांभाळायचं कबूल केलं, आईने मेथीची थालीपीठं फॉइलमध्ये गुंडाळून दिली आणि आम्ही दोघं निघालो.

एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून हेराल्ड स्क्वेअरपर्यंत चालत, आणि मग डी ट्रेन. ही डी ट्रेन ५९व्या स्ट्रीटवरून जी सुटते ती थेट १२५व्या स्ट्रीटलाच थांबते, मध्ये सगळी स्टेशनं सपासप मागे जातात, बाबांना हा भाग फार आवडला, म्हणाले आपल्या विनाथांबा सातारा-पुण्यासारखी आहे. बाबा एसटीत अकाउंट्सला होते, त्यामुळे जगातलं कुठलंही वाहन ते एसटीशी ताडून बघतात. ब्राँक्समध्ये १६१व्या स्ट्रीटला उतरलो तोवर डबा निळ्या टोप्यांनी आणि उभ्या रेघांच्या जर्सींनी गच्च भरला होता. बाहेर पडलं की डोक्यावरून जाणाऱ्या ४ नंबर ट्रेनचा खडखडाट, फुटपाथवर बर्फाच्या टबात पाण्याच्या बाटल्या घेऊन ओरडणारे लोक, आणि समोर स्टेडियम. हे २००९ मधलं नवं. जुनं, १९२३ सालचं, रस्त्याच्या पलीकडे होतं, तिथे आता मोकळी मैदानं आहेत, पोरं खेळत असतात. बाबा तिथेच पाच मिनिटं थांबले. चार-पाच पोरं ग्राउंडरची, म्हणजे सरपटी बॉल अडवायची, प्रॅक्टिस करत होती, एकाच्या पायातून बॉल गेला, आणि बाबा मराठीत म्हणाले, "गुडघा टेक की रे."

इथे सांगायला हवं की बाबा विकेटकीपर. साताऱ्यात शाहू स्टेडियमवर, टेनिस बॉलच्या टूर्नामेंटांत, नंतर डिपार्टमेंटच्या टीममधून. उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. त्यामुळे बॅटिंगचं कौतुक त्यांना कमी, बॉल कोणी कसा धरला हे जास्त. आणि माझी टीम नेमकी उलटी आहे.

आमची सीट चारशेच्या सेक्शनमध्ये, म्हणजे पार वर, पण तिथून सगळं मैदान ताटात वाढल्यासारखं दिसतं. बाबांनी बसल्या बसल्या खिशातून छोटी डायरी काढली, मधोमध रेघ मारली, एका बाजूला "जमा" दुसऱ्या बाजूला "नावे" लिहिलं आणि म्हणाले, "हं, सांग. एकेकाचं."

पहिली अडचण अशी की यँकीजच्या जर्सीवर खेळाडूचं नावच नसतं, फक्त नंबर. आणि १ ते ९ सगळे आकडे जुन्या लोकांच्या मानासाठी कायमचे बंद केलेत. बाबा म्हणाले मग पोरांनी काय घालायचं, हळूहळू आकडेच संपतील. मी म्हटलं म्हणून तर आमचा राजा ९९ घालतो. (हे खरं कारण नाही, पण बापाला आणि प्रवासात एवढं चालतं.)

तर ९९, ॲरन जज. सहा फूट सात इंच उंच, २८२ पौंड, उजव्या बाजूला उभा राहिला की बाकीचे शाळेतले वाटतात. जमा बाजूला लिहायला बाबांना पान पुरेना: त्या सीझनला ५३ होमरन (आपल्या सिक्सरसारखे) आणि वर ॲव्हरेज .३३१, लीगमध्ये सगळ्यात जास्त. बाबांना .३३१ म्हणजे काय ते कळेना. मी म्हटलं दहा वेळा गेला तर तीन-सव्वातीन वेळा हिट. "म्हणजे सात वेळा आउट? आणि हा राजा?" मग मला पिचिंग समजावावं लागलं. बाबांचं म्हणणं सगळेच फुलटॉस आहेत, टप्पाच पडत नाही, मग अवघड काय? बरोबर त्याच वेळी पिचरने एक बॉल टाकला, स्क्रीनवर ९७ मैल आलं, मी म्हटलं बाबा हे १५६ किलोमीटर, आणि अंतर आपल्या पिचपेक्षा कमी, साडेअठरा मीटर पण नाही, आणि बॅट गोल. बाबा थोडा वेळ गप्प. पुढचा बॉल शेवटच्या क्षणी खाली बसला, बॅट हवेत फिरली. बाबा म्हणाले, "यॉर्कर पण नाही न् फुलटॉस पण नाही. हं." डायरीत काहीतरी खोडलं.

आता जजची नावे बाजू. मी खरी फॅन आहे त्यामुळे मला ती तोंडपाठ आहे. २०२४ च्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, ॲव्हरेज .१८४ आणि २० वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट). आणि ती पाचवी मॅच. ३० ऑक्टोबर २०२४, वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनल, समोर लॉस एंजेलिसचे डॉजर्स, याच मैदानावर. आम्ही ५-० पुढे, पिचर गेरिट कोलने चार इनिंगमध्ये एकही हिट दिलेला नाही, आणि जजने त्याच मॅचमध्ये होमरन मारलाय, चौथ्या इनिंगमध्ये भिंतीवर आदळून एक भन्नाट कॅचही घेतलाय. आणि पाचव्यात सरळ त्याच्या अंगावर आलेला, छातीच्या उंचीचा, साधा कॅच हातातून सुटला. मग शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) वॉल्पेचा थ्रो तिसऱ्या बेससमोर आपटला. मग डॉजर्सच्या बेट्सने एक सरपटी बॉल मारला, फर्स्ट बेसमनने पकडला, आणि कोल पहिला बेस कव्हर करायला पळालाच नाही, नुसता बोट दाखवून उभा राहिला. पाच रन. ५-५. शेवटी ७-६ ने हरलो आणि वर्ल्ड सिरीज गेली.

हे मी जरा हातवारे करून सांगत होते बहुतेक, कारण पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून बघितलं आणि मान हलवली. त्यांना मराठी येत नव्हतं पण बोट दाखवायची ॲक्शन ओळखली. बाबांनी मात्र कपाळाला हात लावला. "अगं, पिचरने पळायचं एवढं तर आमच्या डेपोच्या टीमला पण माहीत होतं. बॉलरने स्टंपामागे नाही गेलं तर थ्रो कोण घेणार?" आणि लिहिलं: कोल, नावे, पळाला नाही. बिचारा कोल २०२५ मध्ये एक बॉलही टाकू शकला नाही, मार्चमध्येच कोपराचं ऑपरेशन झालं, हे सांगितल्यावर पण खोडलं नाही.

पहिल्या इनिंगला एक मजा असते, उजवीकडच्या २०३ सेक्शनमधली मंडळी फिल्डिंग करणाऱ्या एकेकाचं नाव घेऊन ओरडत राहतात, तो वळून हात करेपर्यंत थांबत नाहीत. बाबांना हे हजेरी घेतल्यासारखं वाटलं.

मग स्टँटन, २७. २०२४ ला पोस्टसीझनमध्ये ७ होमरन, बाकी सगळे ढेपाळले तेव्हा हाच मारत होता, बॅटवरून बॉल सुटतो तो आवाजच वेगळा असतो. पण पळतो असा की बाबा म्हणाले याला पळवू नका, याच्यासाठी रनर मागा. आणि शरीर कायम दुरुस्तीला, २०२५ ला दोन्ही कोपरं धरून बसला होता, सीझनचे पहिले अडीच महिने गेलेच. गंमत म्हणजे जुलैमध्ये जजचं कोपर दुखावलं, तो थ्रो करू शकत नव्हता, म्हणून आउटफिल्डला कोण, तर स्टँटन. आमच्या टीमच्या याद्या अशा असतात.

जॅझ चिझम, १३, बहामाजचा. हा माझा लाडका आणि माझं डोकं फिरवणारा पण हाच. ३१ होमरन आणि ३१ चोरलेले बेस (हिट नसताना पळून गाठलेले), एकाच सीझनमध्ये, यँकीजच्या इतक्या लांब इतिहासात तीस-तीस करणारे तीनच. आणि हाच माणूस ऑगस्टमध्ये मायामीला पहिल्या बेसवर असताना, इनफिल्डमध्येच उंच उडालेला साधा बॉल, सेकंड बेसमन खाली उभा आहे, तरी पुढे पुढे सरकत गेला आणि कॅच झाल्यावर परत फिरेपर्यंत आउट. बाबांना मी फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. "कॅच उडाला की आधी बघायचं, मग पळायचं. गल्लीत पण हाच नियम." मला वाटतं अख्ख्या टीमबद्दल माझी जी तक्रार आहे ती हीच आहे, अवघड ते सगळं येतं, गल्लीतलं येत नाही, पण मी दहा वर्षं मॅचेस बघून जे म्हणते ते बाबांनी पाच इनिंगमध्ये म्हटलं त्यामुळे जरा राग आला.

बेलिंजरचं पान बाबांनी पटकन भरलं, डावखुरा, २९ होमरन, फिल्डिंग नीट, नावे बाजूला काही नाही, "हा शहाणा मुलगा दिसतो." त्याचे वडीलही यँकीजकडून खेळलेत म्हटल्यावर तर विषयच संपला. पिचर मॅक्स फ्रीडला १९ विन्स म्हणून पूर्ण मार्क.

कॅचरजवळ मात्र बाबा अडकले, साहजिक आहे. मी त्यांना ऑस्टिन वेल्सची खासियत सांगितली की स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, बाहेर दोन बोटं आलेला बॉल तो ग्लव्हमध्ये घेता घेता असा अलगद आत आणतो की अम्पायर स्ट्राइक देतो. याला फ्रेमिंग म्हणतात आणि त्यात तो भारी मानला जातो, बॅटिंगचं ॲव्हरेज मात्र यथातथाच. बाबा खवळले. "ही तर लबाडी झाली." मी म्हटलं नाही हो बाबा, कला आहे. मग हळूच म्हणाले की आम्ही पण लेग साइडला गेलेला बॉल जरा आत ओढायचो, पण ते वेगळं. त्याच आठवड्यात बातमी आली होती की २०२६ पासून स्ट्राइक-बॉलसाठी मशीनकडे दाद मागता येणार, डीआरएससारखं. म्हणजे वेल्सच्या जमा बाजूला असलेली सगळ्यात मोठी रक्कम अर्धी होणार. बाबांना हे वाईट वाटलं, लबाडी म्हणाले होते तरी.

आणि अँथनी वॉल्पे, ११. शॉर्टस्टॉप. आमच्या न्यू जर्सीचा, लहानपणापासून यँकीजचा फॅन, पहिल्याच वर्षी २०२३ ला गोल्ड ग्लव्ह, म्हणजे फिल्डिंगचं बक्षीस. २०२५ चा हिशोब: १९ होमरन आणि १९ एरर (फिल्डिंगच्या चुका). ॲव्हरेज .२१२. मी त्या सीझनला टीव्हीसमोर बसून या पोराला जे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. सोपे बॉल घेऊन फर्स्ट बेसला फेकायचा आणि थ्रो भलतीकडेच. बाबांनी जमा-नावे दोन्हीकडे १९ लिहिलं, खाली बेरीज शून्य मांडली, आणि विचारलं, "खांदा दुखतोय का त्याचा?" मी म्हटलं मे महिन्यात डाइव्ह मारताना काहीतरी झालं होतं, पण खेळतोय की. "थ्रो खांद्यातून बिघडतो," एवढंच म्हणाले आणि थालीपीठ उघडलं.

मॅचबद्दल खरं तर सांगायला हवं. त्या दिवशी अर्धं लक्ष मैदानावर आणि अर्धं टोरांटोवर होतं. ब्लू जेज आणि आम्ही बरोबरीत, दोघांच्या मॅचेस साधारण एकाच वेळी चालू. आम्ही जिंकून ते हरले तर डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, आम्ही पहिले. पण टोरांटोचा आकडा बोर्डावर वाढतच चालला होता, जितका वाढेल तितके आमच्या आजूबाजूचे लोक खुर्चीत खाली सरकत होते. आठव्या इनिंगमध्ये बेन राईसने होमरन मारला. बॉल कुठे पडला ते मला दिसलंच नाही कारण पुढचे आजोबा उभे राहिले, पण बाबांनी बघितला, ते पण उभे होते, एका हातात डायरी आणि दुसऱ्यात लोणच्याची पुडी. ३-२ जिंकलो. लागोपाठ आठवा विजय, ९४-६८. टोरांटो १३-४ ने जिंकलं, त्यांचेही ९४-६८.

"मग टाय?" नाही बाबा, आपापसातल्या मॅचेस बघतात, त्यांनी आपल्याला १३ पैकी ८ वेळा हरवलंय, म्हणून ते पहिले. बाबा स्टेडियमच्या रॅम्पवरून उतरताना विचार करत राहिले. "म्हणजे आज जिंकून दुसरे." हो. "मग त्या आठांतली एखादी..." हो बाबा. परतीच्या डी ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली नाही, बाबा दांडा धरून उभे होते आणि एका हाताने डायरीत बेरीज करत होते.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. बॉस्टनशी वाइल्ड कार्डला, म्हणजे पहिल्या बाद फेरीला, पहिली मॅच हरून मग दोन जिंकल्या, तिसरीत कॅम श्लिटलर नावाच्या पोराने, तोही मूळचा बॉस्टनकडचाच, ८ इनिंग, १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक (फुकट दिलेला बेस) नाही. बाबा रात्री उशिरापर्यंत माझ्यासोबत जागले. मग टोरांटोने ३-१ ने घरी पाठवलं. जजने त्या पोस्टसीझनला .५०० मारलं, तरी. बाबा दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याला परत गेले, डायरी घेऊन.

ऑक्टोबरच्या मध्यावर वॉल्पेच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आतला लॅब्रम (सांध्याची कूर्चा) फाटला होता. मी बाबांना मेसेज टाकला. डावा खांदा म्हणजे फेकायचा नव्हे, त्यामुळे बाबांचं निदान तंतोतंत बरोबर नव्हतं, पण हे मी लिहिलं नाही. लगेच व्हॉट्सॲप कॉल आला. जजबद्दल नाही, टीमबद्दल नाही.

"त्याला म्हणावं भिंतीवर बोटं चालवायची. रोज सकाळी, गरम पाण्याने शेकून झाल्यावर. माझा खांदा धरला होता तेव्हा मला त्यानेच फरक पडला."

मी म्हटलं, सांगते बाबा.