रस्त्याची कड आणि खाडीची कड

रात्री रस्त्यावर गाडी लावणाऱ्याकडून शुल्क घ्यावे का, आणि खाडी दिसणाऱ्या घरांवर जादा मालमत्ता कर लावावा का, असे दोन प्रश्न नवी मुंबईपुढे आहेत. वाशीत खाडीकाठच्या सागर विहार आणि मिनी सीशोरच्या आसपासच्या गल्ल्यांत रात्री दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून रिक्षासुद्धा जपून न्यावी लागते. दारासमोरची जागा दुसऱ्याने घेऊ नये म्हणून कुणी कुंड्या मांडतो, कुणी सिमेंट भरलेले डबे ठेवतो. रुग्णवाहिका नाक्यावर थांबवून माणसाला स्ट्रेचरवर उचलून न्यावे लागते, हे मला अजिबात सहन होत नाही.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने इथली घरे बांधली तेव्हा घरटी मोटार ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे दोष त्या आराखड्याचा नाही. मात्र नंतरचे नियमही अपुरे पडले. राज्यातील बांधकामांसाठीच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियमावलीत दुरुस्ती करून वाहनतळाची अट शिथिल केल्याच्या विरोधातील, नवी मुंबईतूनच दाखल झालेल्या जनहित याचिकेच्या सुनावणीत २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते, की पुरेशी जागा नसताना एका कुटुंबाला चार-पाच गाड्या ठेवू देता कामा नयेत. त्याआधी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतील पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय दिला होता. पार्किंगची जागा असल्याशिवाय वाहननोंदणी नाही, अशी भूमिका परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये मांडली. मला ती पटते, पण जागेचा दाखला कोण तपासणार, यावरच तिचे यश ठरेल.

एका मोटारीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. घरात तेवढी खोली वाढवली, तर तिच्यावर मालमत्ता कर लागतो. तीच जागा निवासी गल्लीत रस्त्यावर अडवली, तर बहुतेक ठिकाणी रात्रभर काहीच द्यावे लागत नाही. ज्याच्याकडे सायकलही नाही, तोसुद्धा त्या रस्त्याच्या डांबरीकरणाचा खर्च करातून भरत असतो.

खाडीकाठच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. नवी मुंबईत कर करयोग्य मूल्यावर, म्हणजे घराच्या अपेक्षित वार्षिक भाड्यावरून ठरणाऱ्या मूल्यावर आकारला जातो, तर मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची, म्हणजे मालमत्तेच्या बाजारमूल्यावर आधारलेली पद्धत स्वीकारली आहे. ती इथे आली, तर रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला मालमत्तेचा दर जिथे चढा असेल, तिथल्या बिलावर त्याचा परिणाम होईल. पण सिडकोच्या जुन्या घरात निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या आजी-आजोबांना खाडीचे दर्शन होते म्हणून जादा पैसे मिळत नाहीत. ते मिळतात घर विकताना किंवा इमारतीच्या पुनर्विकासात, आणि वाढीव वसुली करायचीच असेल तर ती त्याच टप्प्यावर व्हावी.

म्हणून महापालिकेने आधी रात्रीच्या पार्किंगसाठी सेक्टरनिहाय परवाने द्यावेत, दुसऱ्या गाडीला चढे शुल्क लावावे, अग्निशमन बंबाला वळता येईल एवढे कोपरे कायम मोकळे ठेवावेत आणि जमा झालेली रक्कम त्याच सेक्टरचे पदपथ व खाडीकाठ यांवर खर्च करून तिचा हिशेब प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावा. खाडीकाठच्या घरांच्या कराला हात घालण्याचा विचार त्यानंतर करावा.