कोराकुएन हॉलला जाताय? पहिली मॅच चुकवू नका

ऑफिसच्या कामाने टोकियोत होतो, एक संध्याकाळ मोकळी मिळाली आणि त्या दिवशी नेमका कोराकुएन हॉलला न्यू जपान या रेसलिंग कंपनीचा शो होता, मग काय, गेलोच. हा हॉल १९६२ पासूनचा, जपानी रेसलिंगवाल्यांची पंढरीच म्हणा, माणसं मावतात जेमतेम दीड-दोन हजार.

स्टेशन सुइदोबाशी. शिंजुकुहून पिवळ्या पट्ट्याची चुओ-सोबू लोकल घ्या, केशरी पट्ट्याची फास्ट तिथे थांबत नाही, मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. हॉल टोकियो डोम स्टेडियमच्या शेजारीच आहे पण पाचव्या मजल्यावर, लिफ्टला रांग असते, त्यापेक्षा जिन्याने जा कारण त्या जिन्याच्या भिंती फॅन लोकांनी लिहून लिहून भरून टाकल्यात, मी प्रत्येक मजल्यावर थांबून बघत बसलो.

तिकिटाचं आधीच बघून ठेवा. ऑनलाइन साइट बऱ्याचदा जपानी मोबाईल नंबर मागतात, मी तिथल्या सहकाऱ्याला सांगून दुकानातल्या मशीनवरून काढून घेतलं. शिल्लक असली तर त्याच दिवशी दारातही मिळतात, त्याला तोजित्सुकेन म्हणतात, एवढा शब्द लक्षात ठेवा आणि कॅश जवळ असू द्या. सीट साउथ साइडची मिळाली तर उत्तम, तिथे खुर्च्या पायऱ्यांसारख्या चढत जातात, पुढच्याचं डोकं मधे येत नाही. व्हिडिओचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे, आतले बोर्ड बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. पहिली मॅच बहुतेक वेळा यंग लायन्सची असते, म्हणजे कंपनीच्या डोजोतली, आपल्या भाषेत तालमीतली, शिकाऊ पोरं, काळी चड्डी, काळे बूट, बाकी काही सजावट नाही, डाव पण साधेच. बरेच लोक तेव्हा बिअर घेत फिरत असतात, तसं करू नका. एवढ्याशा हॉलमध्ये छातीवर चॉप, म्हणजे हाताचा सपकन फटका, बसला की त्याचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत जातो, टीव्हीवर ते कळतच नाही. पब्लिक शांत बसून बघतं, पण रेफरीने दोन मोजले (तीन झाले की हार) आणि खालच्याने खांदा उचलला की सगळा हॉल एकदम "टू!" ओरडतो, अंगावर काटा येतो. मी बघितलेला पोरगा बॉस्टन क्रॅबमध्ये, म्हणजे पालथं पाडून पाय मागे वाकवायच्या पकडीत, अडकला, दोर धरला की पकड सोडावी लागते म्हणून दोरापर्यंत हात नेला, परत मधे ओढला गेला, शेवटी हरला. आणि दहा मिनिटांत ट्रॅकसूट चढवून रिंगशेजारी हजर, मोठ्यांसाठी दोर धरायला, त्यांचे जॅकेट गोळा करायला, बर्फ द्यायला. आपल्याकडे तालमीत नवीन पोरगं आधी हौदातली माती उकरतं, वस्तादांची सेवा करतं, अगदी तेच.

मेन इव्हेंटला मारामारी रिंगबाहेर येते, खुर्च्यांमध्ये शिरते. उठा म्हटलं की पिशवी-बिशवी सोडून लगेच उठा, म्हणून सामान कमी न्या. आमच्या रांगेकडे दोघं भिडत आले तेव्हा तोच पोरगा हात पसरून आमच्यासमोर उभा राहिला, ट्रॅकसूटच्या गळ्यातून त्याची छाती अजून लालभडक दिसत होती.