दीड तासाचं विमान

"दीड तासाचं विमान ना, मग सकाळपासून घराबाहेर काढलंस कशाला?" नाशिकच्या ओझर विमानतळावर चेक-इनच्या रांगेत पुढच्या आजी नातवाला विचारत होत्या. सिन्नरहून आलेल्या, निघालेल्या नागपूरला.

नातवाने मोबाइल पुढे केला. "आजी, सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर पण नाही भरत."

आजींनी बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं. सिन्नर ते ओझर, आधी येऊन बसणं, सामान, तपासणी, तिकडे उतरल्यावर पुन्हा गाडी. पेरं संपली, हिशेब चालूच.

तो हिशेब दिवसभर डोक्यातून जाईना. तिकिटावर असतो तो विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे उभं राहीपर्यंतचा वेळ. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं, जेटपेक्षा सावकाश. तरी समृद्धीवरून गाडीत सहा-सात तास बसणं आजींच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. म्हणून ही विमानं टिकायलाच हवीत, अगदी मनापासून वाटतं.

पण ओझर नाशिकपासूनच वीसेक किलोमीटर. सिन्नर, येवला, कळवणच्या म्हाताऱ्या माणसांनी तिथवर यायचं कसं, हे कोण मोजतं? तुमच्या घरचे कसे येतात?